कुठवर आलीस?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण कुणा एकाच्या घरी जमतो. चहा होतो, पोहे होतात, आणि मग ज्याने त्याने पिशवीतून सध्याचं पुस्तक काढून टीपॉयवर ठेवायचं. पातळ पुस्तक सहसा कुणी आणत नाही. ४०० पानांच्या आत संपणाऱ्या कादंबरीला आमचा डॉक्टर 'हँडबिल' म्हणतो. सगळे ठोकळे एकाच जातीचे: आत ड्रॅगन, नाहीतर जादूगार, नाहीतर पहिल्याच पानावर नकाशा, आणि नकाशाचा नेमका मधला भाग बांधणीत गडप झालेला.

"सध्या काय वाचतेस?" हा प्रश्न इतर वाचकांत दोन वाक्यांत निकाली निघतो. आमच्यात पुस्तकाचं नाव सगळ्यांना ठाऊकच असतं, कारण समोरचा तीच मालिका गेलं दीड वर्ष वाचत असतो. त्यामुळे घाटात अडकलेल्या माणसाला फोनवर विचारतात तसं आम्ही विचारतो. कुठवर आलास? उत्तरही प्रवाशाचंच. "सातव्या खंडात. उन्हाळा संपायचं नाव घेत नाही तिथे." ज्यांचा आठवा वाचून झालेला असतो ते चहाच्या कपात बघत राहतात. पुढचं फोडायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. तो मोडणाऱ्याने पुढच्या महिन्याचे पोहे करायचे.

हे सगळं इतकं मोकळेपणाने बोलायला आम्हाला वयाची पन्नाशी यावी लागली. वीस वर्षं मी ही पुस्तकं जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालून लोकलमध्ये वाचली. एकदा कव्हर घालायचं राहिलं तर शेजारच्या बाईंनी मुखपृष्ठावरचा पंखवाला प्राणी बघून प्रेमाने विचारलं, "मुलांसाठी घेतलंत का?" मी "हो" म्हणाले. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती आणि पुस्तक ८०० पानांचं.

खरं तर मराठी माणसाने यात लाजावं असं काहीच नाही. आपली कादंबरी चालायला लागली तीच अद्भुताचं बोट धरून. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या होत्या. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत तक्रारच केली आहे की आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात कादंबरी रंगावी असं काही घडतच नाही, म्हणून चमत्कारांकडे वळावं लागतं. समीक्षकांनी या तक्रारीची बरीच चिरफाड केली आहे. सकाळी ८.१४च्या गाडीत एका पायावर उभं राहून विचार केला तर मला ती पटते.

आमच्या पाचांतला डॉक्टर 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचा भक्त. मालिकेचा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहाव्याची वाट तो तेव्हापासून बघतोय. पाचवा आला त्या वर्षी जन्मलेली त्याची मुलगी आता त्याच्या खांद्याच्या वर गेली. सहावा आला की आधीचं आठवायला हवं म्हणून तो दर दोन वर्षांनी पहिल्यापासून सुरुवात करतो. टीपॉयवर त्याचं पुस्तक कधीच नवीन नसतं, पण कुठवर आलास म्हटलं की दर वेळी वेगळं काहीतरी सांगतो. मागे एकदा एका जेवणावळीच्या वर्णनावर पाऊण तास बोलला.

गणित शिकवणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट उलटी आहे. टेरी प्रॅचेटने 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी अद्भुत मालिकेच्या ४१ कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९८३ची. मार्च २०१५मध्ये तो गेला आणि शेवटची त्यानंतर काही महिन्यांनी आली. तिच्या ४० वाचून झाल्या आहेत. एक्केचाळिसावी कपाटात आहे, प्लास्टिकसुद्धा न काढता. "ती वाचली की त्याचं नवीन काही उरणार नाही," एवढंच ती म्हणते. असं करणारी ती एकटी नाही म्हणे, जगभर लोकांनी हे शेवटचं पुस्तक असं राखून ठेवलंय. लोणच्याच्या बरणीचा तळ राखतात तसं.

सातव्या खंडात उन्हाळा सोसणारा आहे तो विमा कंपनीतला. 'व्हील ऑफ टाइम' वाचतोय. चौदा खंड आणि वर एक पूर्वकथा. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये मालिका अर्धवट टाकून गेला. दुर्धर आजार झालाय हे कळल्यावर शेवट कसा व्हायचा ते त्याने सांगून, लिहवून ठेवलं होतं. त्याची बायको हॅरिएट हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि त्याने उरलेलं एक पुस्तक तीन खंडांत करून २०१३मध्ये संपवलं. आमचा विमावाला यातली जादू बाजूला ठेवून या बाईबद्दलच बोलतो. "नॉमिनी असावी तर अशी."

आम्ही एकमेकांचे इतके जुने, तरी एक गोष्ट पहिल्या बैठकीपर्यंत लक्षात आली नव्हती. या पुस्तकांतली नावं आम्ही आयुष्यभर फक्त डोळ्यांनी वाचली होती. तोंडाने कधी उच्चारलीच नव्हती, कुणापुढे उच्चारणार? त्या पहिल्या बैठकीत विमावाला कुणा 'निनाव्हे'बद्दल तावातावाने बोलत होता, गणिताच्या बाई 'नायनीव्ह'बद्दल, आणि दहा मिनिटांनी उलगडा झाला की ती एकच मुलगी. पुस्तकाच्या शेवटी उच्चारासकट शब्दार्थ दिलेत, ते दोघांनीही पाहिले नव्हते. बाई जिंकल्या. 'हॅरी पॉटर'मधल्या हर्मायनीचंही तेच. कित्येक वर्षं निम्मं जग तिला 'हर्मिओन' म्हणत होतं. शेवटी लेखिकेने चौथ्या भागात तिला एका परदेशी मुलापुढे स्वतःचं नाव फोडून-फोडून म्हणायला लावलं. रोमन लिपीत असं अडखळत, अंदाजाने चालता येतं. देवनागरीत ती सोय नाही. नाव लिहिलं की उच्चार कबूल केला.

पुढचं फोडायचं नाही हा नियम माझ्याच आग्रहाने आला, कारण मी पोळलेली आहे. आमच्या गावच्या वाचनालयात रहस्यकथा घेतली की तिसऱ्या पानावर समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं: खून मुनिमाने केला. खाली दुसऱ्या अक्षरात: मुनीम नाही, भाचा. पुस्तकाच्या मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावरून कळायचं की आपल्या आधी हे पुस्तक कधी आणि किती जणांनी नेलं, पण कुणी ते कळायचं नाही. मी त्या समासातल्या अक्षरांवरून माणसं ओळखायचा प्रयत्न करायचे. आता वाटतं, माझी पहिली वाचनमंडळी तीच होती. वाईट खोडीची, पण मंडळी.

नाथमाधवांची 'वीरधवल' मी त्याच वाचनालयातून आणली. १९१३ची कादंबरी, माझ्या हातात आली तेव्हा सत्तर वर्षांची म्हातारी, आणि पानं पापडासारखी मोडणारी. इंग्रजी ठोकळे त्यानंतर आले, फोर्टमधल्या फुटपाथवरून. तिथे मालिकेचा दुसरा खंड नेहमी मिळतो, पहिला कधीच नाही. का, ते अजून कळलेलं नाही. त्यामुळे माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी या गोष्टी मधूनच सुरू केल्या आहेत. राजा आधीच मेलेला, तलवार आधीच मोडलेली, आणि कुणीतरी कुणाला तरी क्षमा करतंय ते कशाबद्दल याचा पत्ता नाही. मला आजही पहिल्या पानापासून सुरू होणारी गोष्ट जरा सपक वाटते.

आमच्यातली पाचवी पैठणची माहेरवाशीण. ती इंग्रजी ठोकळे वाचत नाही. गेली दोन वर्षं 'कथासरित्सागर' वाचतेय, सावकाश, पोथीसारखं. एका रविवारी डॉक्टरने ऑक्सफर्डची कथा सांगितली. तिथे टॉल्कीन, 'नार्निया'वाले लुइस आणि त्यांचे मित्र गुरुवारी रात्री लुइसच्या खोलीवर जमत, लिहीत असलेलं एकमेकांना वाचून दाखवत, आणि टॉल्कीनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून यायच्या कितीतरी वर्षं आधी तिथे प्रकरणाप्रकरणाने ऐकली गेली. एका मित्राला तर तिचा इतका कंटाळा यायचा की तो आला की टॉल्कीन हस्तलिखित मिटून ठेवत. डॉक्टरचं म्हणणं, आपल्या या बैठकांची परंपरा तिथून सुरू होते. पैठणकरीण म्हणाली, "ऑक्सफर्डला कशाला जायचं? आमच्याकडे एसटी जाते." आणि तिने गुणाढ्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मला तुटक-तुटक माहीत होती. तिच्या तोंडून सलग ऐकली. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी म्हणाली, "मोदकैः परिताडय माम्." तिला म्हणायचं होतं, मा उदकैः, पाणी मारू नका. राजाचं संस्कृत कच्चं. त्याने मोदकांची ताटं मागवली. राणी हसली, राजा खजील झाला आणि संस्कृत शिकायचंच म्हणून हटून बसला. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने रागाच्या भरात पैज लावली. सहा महिन्यांत राजा शिकला, तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. राजा शिकला.

भाषाच उरली नाही म्हणून गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांकडून त्यांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली, कारण रानात शाई कुठली. राजाकडे पाठवली. राजाने पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं बघून नाक मुरडलं. मग गुणाढ्याने कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकायला लागला. ऐकायला रानातली जनावरं गोलाकार बसली. हरणं, रानडुकरं, म्हशी. चरायचं विसरून, डोळ्यांतून पाणी गाळत. इकडे राजाच्या ताटातलं मांस कोरडं पडलं, राजा आजारी झाला. चौकशी केली तर शिकारी म्हणाले, जनावरं खातच नाहीत, कुणीतरी त्यांना गोष्ट सांगतोय. राजा धावला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख, आणि त्याची पुढे काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात केलेली पुनर्रचना म्हणजे तिच्या मांडीवरचं ते पुस्तक.

कुणी काही बोललं नाही. विमावाला हळूच म्हणाला, "म्हणजे सहा खंड गेले आणि सातवा राहिला." डॉक्टरला मार्टिन आठवला असावा, तो उठून पाणी प्यायला गेला. मला मात्र सोडून द्याव्या लागलेल्या भाषांचं काहीतरी लागलं. आम्ही पाचही जण घरात मराठी बोलतो, भांडतो मराठीत, आणि ज्या जगांत आमच्यातल्या चौघांचे महिनेच्या महिने जातात ती सगळी इंग्रजीत. तिथल्या गोष्टी एकमेकांना सांगताना आमची भाषा पिशाचांचीच होते. "मग तो त्याचा ओथ ब्रेक करतो ना, तर त्याची पॉवरच जाते." हे कोणत्या रानातलं बोलणं?

आता आईचं सांगते.

आई ७९ची. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची झीज झाली आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराशी कोण आलं ते कळतं, त्याचा चेहरा कळत नाही. जन्मभर वाचनालयाची वर्गणी भरलेल्या बाईला हे कसलं दुखणं यावं! दिवेलागणीनंतर तासभर मी तिला वाचून दाखवते. आधी तिची आवडती मराठी पुस्तकं झाली. मग एक दिवस म्हणाली, "तू स्वतः जे वाचतेस ते वाच की. इतकी डोकं खुपसून बसतेस, आहे तरी काय त्यात बघू."

मी अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' निवडलं, एक तर ते हँडबिल आहे म्हणून, आणि दुसरं, त्यात समुद्र आहे म्हणून. आईचं माहेर कोकणातलं. १९६८चं हे पुस्तक मी समोर धरते आणि बघून थेट मराठीत सांगत जाते. पहिल्याच पानांवर अडले. गाँट नावाच्या बेटावर शेळ्या राखणारा एक आई नसलेला मुलगा, त्याला जादूचे पहिले शब्द शिकवते ती त्याची 'आंट'. आईने लगेच विचारलं, "आत्या की मावशी?" पुस्तक मी चार वेळा वाचलंय, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मागे जाऊन शोधलं. मेलेल्या आईची बहीण, असं स्वच्छ लिहिलंय. "मग मावशी. तरीच," आई म्हणाली. काय तरीच, ते तिने सांगितलं नाही.

त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळेल त्याची तुमच्यावर सत्ता, म्हणून ते कुणाला सांगायचं नाही, वापरायला वेगळं नाव. तेराव्या वर्षी तो मुलगा नदीच्या उगमाच्या गार पाण्यातून चालत पलीकडे येतो आणि ओगियन नावाचा जादूगार त्याच्या कानात त्याचं नाव सांगतो. "बारसंच की," आई म्हणाली, "फक्त आत्याच्या जागी गुरू." 'खरं नाव' हा माझा शब्द तिला पसंत पडला नाही. "खरं काय नि खोटं काय? पोटातलं नाव म्हण." मग स्वतःच हिशोब लावला. "मलापण तीन. पत्रिकेतलं नावरसाचं, माहेरचं, आणि लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं ते. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही." आणि लगेच, "हं, पुढे वाच."

लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते, कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांमध्ये त्यांनी हयात घालवली होती. नावांचं हे सगळं त्या घरातल्या बोलण्यातून आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं. आईला ते सांगितलं तर तिला त्यात विशेष वाटलं नाही. तिला तो मुलगा पहिल्यापासून सावळाच दिसत होता, आणि तो आहेच तसा, तांबूस सावळा. पाश्चात्त्य प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं त्याला गोरा करून टाकलं, लेखिकेने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आईला मुखपृष्ठ दिसत नाही. तिचं बरोबर आलं.

त्याचं वापरायचं नाव स्पॅरोहॉक. मी म्हटलं, चिमण्या धरणारा ससाणा. "शिक्रा," आई म्हणाली. "आमच्या परसात यायचा, कोंबडीची पिल्लं झाकायला धावायचो." पक्ष्यांच्या पुस्तकात पाहिलं, शिक्रा त्याचा सख्खा भाऊबंद निघाला. आता तो आमच्या घरी शिक्राच आहे. होड्या बांधणाऱ्या एका मित्राच्या तापाने फणफणलेल्या पोराला तो वाचवू शकला नाही, त्या दिवशी आईने त्याच्याशी अबोला धरला. "मांत्रिक म्हणवतोस आणि ताप उतरवता येत नाही?" दोन दिवस वाचन बंद.

गेल्या दुसऱ्या रविवारी बैठक आमच्याकडे होती. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत. सगळ्यांचं कुठवर-कुठवर झालं, माझी पाळी आली, आणि मी सांगायच्या आत आईने सांगायला घेतलं. शिक्रा बहिरी ससाण्याचं रूप घेऊन समुद्र ओलांडून निघाला. मागे काळं काहीतरी लागलेलं. इतका उडला, इतका उडला की माणूस असल्याचंच विसरला. थेट गाँटला गुरूच्या मनगटावर येऊन बसला आणि गुरूने ओळखलं.

डॉक्टरने हे पुस्तक वाचलेलं नाही. वाचायचंय असं तो तीन वर्षं म्हणतोय. मी घाईने म्हटलं, "आई, अगं पुढचं सांगायचं नसतं."

"का?"

"मजा जाते."

आईने माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, बघितलं. कडेने दिसतं ना, म्हणून ती असं बघते. "सीता पळवून नेणार हे काय मला माहीत नव्हतं? नऊ दिवस जायचोच की रामाच्या देवळात. बुवांनाही माहीत, आम्हालाही माहीत. माहीत नसेल तर माणूस मन लावून ऐकणार कसा, सारखं आता काय होतंय, आता काय होतंय." आणि ती पुन्हा सुरू झाली. तिने मध्येच मूळ गोष्टीत नसलेली एक म्हातारी घातली, ओगियनच्या शेळीला नाव दिलं, आणि तो पक्षी मनगटावर उतरतो ते हाताने दाखवलं. पैठणकरीण पुढे सरकून बसली होती. गणिताच्या बाईंचा चहा गार झाला.

अर्ध्या तासाने आई थांबली. "इथवर झालंय."

डॉक्टरने टीपॉयवरचं माझं ते पातळ पुस्तक उचललं, चाळलं आणि म्हणाला, "हे मी नेतो. पुढच्या रविवारी आणून देतो."

"नाही," आई म्हणाली. "अजून तीन प्रकरणं राहिलीत. आणि पोहे आता माझ्याकडे ना?"